एकटीनं उत्तरेला: ट्रोम्सोत घर मांडणं आणि कुत्र्यांची स्लेज हाकायला शिकणं

कुत्र्यांच्या स्लेजला कासरा नसतो. समोर सहा-आठ कुत्री, हातात लाकडी दांडा, आणि डावीकडे-उजवीकडे वळवायचं ते फक्त आवाजानं. जुन्नर तालुक्यात वडिलांच्या बैलजोडीमागे वाढलेल्या मला हे पहिल्यांदा ऐकून खरं वाटलं नव्हतं. आता उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात माझा सहावा हिवाळा चालू आहे, आणि त्यातले पाच हिवाळे मी आठवड्याचे दोन दिवस एका केनेलमध्ये, म्हणजे स्लेजची कुत्री पाळतात त्या ठिकाणी, काम करते आहे. शिकायला म्हणून एकटी आले, नोकरी लागली, राहिले.

एकट्यानं किंवा एकटीनं इथे यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं एवढंच, की क्रम चुकवू नका. आधी कागद, मग घर, मग अंगावरचे कपडे, मग काळोखाची सवय आणि त्यानंतर कुत्री. आणि कुत्र्यांकडे जायचं ते गिऱ्हाईक म्हणून एकदाच नाही, तर कामाला हात लावायला पुन्हापुन्हा. स्लेजवरचा खरा आनंद त्या कामातून येतो.

गाव कोणतं निवडायचं

ट्रोम्सो उत्तर ध्रुववृत्तापासून साधारण साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, जवळजवळ ७० अंश अक्षांशावर आहे. नुसता आकडा ऐकून घरचे घाबरतात. पण अटलांटिकचा उबदार प्रवाह इथपर्यंत पोहोचतो, म्हणून बंदर गोठत नाही आणि जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या आसपास असतं. लेहचा जानेवारी याहून कितीतरी कडक. विद्यापीठ, मोठं रुग्णालय, विमानतळ, वेळेवर येणाऱ्या बस असं सगळं असलेलं, पाऊण लाखाच्या वर वस्तीचं हे गाव एका बेटावर वसलंय. पुलानं पलीकडच्या क्वालोया बेटावर गेलं की कुत्र्यांची केनेलं सुरू होतात.

समुद्राकाठच्या गावाची दुसरी बाजूही समजून घ्या. तापमान सारखं शून्याच्या खालीवर होतं, बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो आणि रस्त्याची काच होते. बर्फ पडतो तोही बेसुमार: २९ एप्रिल १९९७ ला इथे २४० सेंटीमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. एप्रिलच्या शेवटाला! कोरडी, स्थिर थंडी हवी असेल तर देशाच्या आतल्या भागात जावं लागतं. नॉर्वेतली सर्वात नीचांकी नोंद कारासयोकची आहे, १ जानेवारी १८८६ ला उणे ५१.४ अंश. आल्टा, स्वीडनमधलं किरुना, फिनलंडमधलं रोव्हानिएमी, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडाच्या युकॉनमधलं व्हाइटहॉर्स या सगळ्या ठिकाणी स्लेजचा हंगाम अधिक भरवशाचा असतो. तरी पहिल्यांदाच आणि एकटं येणाऱ्याला मी समुद्राकाठचं मोठं गावच सुचवेन. आजारी पडलात, खचलात, घरमालकाशी वाजलं, तर चालत जाता येईल अशी माणसं आणि कचेऱ्या जवळ असाव्यात. उणे तीसचं कौतुक दुसऱ्या वर्षीही करता येतं.

कागद

भारतीय पासपोर्टवर एकट्या माणसाला इथे राहायला येण्याचे सरळ मार्ग दोन: शिक्षण आणि नोकरी. सरकारी विद्यापीठांत पूर्वी सगळ्यांना शिक्षण मोफत होतं, पण २०२३ च्या शरदातल्या सत्रापासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क आहे. जुने लेख वाचून हिशेब मांडू नका. शुल्काखेरीज वर्षभराच्या राहण्या-खाण्याएवढी रक्कम दाखवावी लागते. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तास काम करता येतं. नोकरीच्या वाटेनं यायचं तर आधी पक्का देकार हातात हवा आणि काम तुमच्या शिक्षणाशी किंवा कौशल्याशी जुळणारं हवं. हंगामी कामाचाही परवाना असतो, तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. सगळे अर्ज यूडीआय या खात्याच्या संकेतस्थळावरून होतात, आणि नियम व रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून शेवटचा शब्द त्याच पानाचा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. "राहायला खोली, दोन वेळचं जेवण देतो, कुत्र्यांचं काम करा" असे निरोप समाजमाध्यमांवर फिरतात. पर्यटक व्हिसावर ते घेऊ नका. पैसे मिळाले नाहीत तरी ते कामच धरलं जातं, आणि पुढचा परवाना अडकतो. रीतसर परवान्यावर केनेलमध्ये नोकरी धरणार असाल तर लेखी करार मागा: तास किती, सुट्टी कोणती, खोलीचं भाडं पगारातून किती कापणार. कुत्र्यांवरच्या प्रेमापोटी माणूस बारा-बारा तास राबतो आणि विचारायला लाजतो. लाजू नका.

पोहोचल्यावर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे नोंदणी करायची असते. त्यांची वेळ भारतातूनच घेऊन ठेवा. नंतर कर खात्यात ओळख पटवून अकरा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळवायचा. तो आल्याशिवाय बँक खातं नाही, आणि बँकेची बँक-आयडी ही डिजिटल ओळख मिळाल्याशिवाय जवळजवळ कुठलंच काम पुढे सरकत नाही. यात आठवडे जातात. तोवर परदेशात चालणारं भारतीय कार्ड हाताशी ठेवा, शक्यतो दोन बँकांची दोन. आणि घराबाहेरच्या टपालपेटीवर पहिल्याच दिवशी आपलं नाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. माझं करपत्र याच कारणानं तीन आठवडे हिंडत होतं.

कधी यायचं आणि कुठे राहायचं

ऑगस्टमध्ये या. विद्यापीठाचं सत्र तेव्हाच सुरू होतं हे एक कारण, पण नोकरीवाल्यांनाही हाच महिना सांगेन. रात्री रोज थोड्या मोठ्या होत जातात आणि शरीराला काळोखाची ओळख हप्त्याहप्त्यानं होते. जानेवारीत थेट उतरलेले लोक पहिल्या महिन्यातच खचलेले मी पाहिलेत. शिवाय थंडी पडायला लागली की ऑगस्ट-सप्टेंबरपासून केनेलमध्ये कुत्र्यांचा सराव सुरू होतो. बर्फ नसतो, म्हणून चाकांच्या गाडीला जुंपतात. चिखल उडतो, पर्यटक नसतात, माणसं कमी पडतात. ओळख करून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

विद्यार्थ्यांनी प्रवेश मिळताच विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीसाठी अर्ज टाकावा. बाकीच्यांना फिन या संकेतस्थळावर शोधावं लागतं. हिवाळ्यात पर्यटकांमुळे खोल्या महाग होतात, हे ऑगस्टच्या बाजूनं आणखी एक कारण. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात, कायद्यानं कमाल सहा महिन्यांची. ती रक्कम घरमालकाच्या खात्यात कधीही टाकायची नसते. तुमच्या नावानं बँकेत वेगळं अनामत खातं उघडतात, आणि दोघांच्या संमतीशिवाय त्यातला पैसा हलत नाही. मला पहिल्याच वर्षी एकानं "लवकर पाठवा, दुसरे रांगेत आहेत" म्हणून स्वतःच्या खात्याचा क्रमांक दिला होता. मी थांबले. चार दिवसांनी ती जाहिरातच गायब झाली.

खोली पाहताना तीन गोष्टी विचारा: वीज भाड्यात धरली आहे का, ओले कपडे-बूट वाळवायला जागा आहे का, आणि बसथांबा किती दूर. वाळवायची जागा हा चैनीचा मुद्दा नाही. केनेलमधून आल्यावर बुटांचे आतले नमदे रात्रभरात वाळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पाय गोठतात.

सामानात मसाले, डाळी, पोहे भरा, पण तूप, खवा, पेढे नको. युरोपाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूर डाळ, बासमती, हिंग इथल्या आशियाई दुकानांत मिळतं. तूप इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवा, रवाळ होतं.

अंगावर काय घालायचं

भारतातून जाडजूड जॅकेट विकत घेऊन येऊ नका. पैसे इथे येऊन, इथल्या माणसांना विचारून खर्च करा. जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि फिनवर उत्तम लोकरी कपडे अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात.

सगळ्यात आतला थर लोकरीचा, मेरिनो असेल तर टोचत नाही. सुती बनियन नको, मोजेही सुती नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि थांबलात की तोच घाम अंग गारठवतो. मधला थर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. वरचा थर वारा अडवणारा. स्लेजवर चढाला धावावं लागतं आणि उताराला नुसतं उभं राहावं लागतं, म्हणून एकाच जाड कपड्यापेक्षा काढता-घालता येतील असे थर हवेत. बूट एक-दोन मापांनी मोठे घ्या, आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोज्यांपेक्षा सैल बुटात एक बरा. हाताला पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे मोठे मिटन ऊबदार, आणि त्यांच्या आत पातळ लोकरी हातमोजे, कारण कुत्र्यांच्या हार्नेसच्या, म्हणजे जुंपायच्या पट्ट्यांच्या, कड्या लावताना मिटन काढावेच लागतात. मिटन दोरीनं गळ्यात बांधा. वाऱ्यानं एक उडून गेला की सहल तिथेच संपली.

स्लेजचा वेग हा स्वतःच वारा असतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. हवा उणे १५ आणि गाडी ताशी २० किलोमीटरनं चालली असेल, तर झुळूकही नसताना चेहऱ्याला उणे २४ लागतं. गाल, नाकाचा शेंडा, कानांच्या पाळ्या आधी गोठतात. आपल्या सावळ्या कातडीवर हिमदंशाचा पांढरा डाग पटकन दिसत नाही. राखाडी, मेणासारखा निस्तेज पट्टा दिसतो आणि तिथली जाणीव जाते. दुखत होतं ते अचानक थांबलं, तर बरं वाटून घेऊ नका, हाच इशारा. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही. उबदार तळहात त्यावर नुसता दाबून धरा, वाऱ्यातून बाजूला व्हा आणि शक्य तितक्या लवकर आत जा. जोडीदाराच्या चेहऱ्याकडे दर काही मिनिटांनी पाहायची इथे पद्धतच आहे.

गावात मात्र थंडीपेक्षा घसरणं जास्त धोक्याचं. बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्या आठवड्यात घ्या, आणि कोटाला लोंबती चमकपट्टी लावा. काळोखात गाडीवाल्याला तुम्ही दिसता ते तिच्यामुळेच. डोक्यावरचा दिवा घ्या. त्याची जादा बॅटरी आणि फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा, कारण थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते.

काळोख आणि एकटेपण

२७ नोव्हेंबरच्या सुमाराला सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. या काळाला इथे मर्केतीद म्हणतात, म्हणजे काळोखाचा काळ. पण तो काळाकुट्ट नसतो. दुपारी दोन-तीन तास निळसर, कधी गुलाबी उजेड पसरतो, आणि बर्फ तो उजेड दुप्पट करतो. ते तास घरात घालवू नका. मी नोकरीत जेवणाची सुट्टी बारा वाजता मागून घेतली आणि रोज चालायला जाते. डिसेंबर तरून जायला मला याहून उपयोगी काही सापडलेलं नाही.

उठायची वेळ ठरलेली ठेवा, रविवारीसुद्धा. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सचा प्रकाशदिवा अनेकजण वापरतात. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी येण्याआधीच करून घ्या. आपल्या कातडीला ते बनवायला ऊन जास्त लागतं आणि हिवाळ्यात इथे ऊनच नाही. इथली मुलं वर्षानुवर्षं कॉड माशाच्या यकृताचं तेल, ट्रान, चमच्यानं घेत आलीत. शाकाहारी असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. झोप उडाली, रडू थांबेना, जेवण जाईना, तर तुमच्या नावावर नोंदलेल्या फॅमिली डॉक्टरकडे जा. त्यात कमीपणा नाही, डॉक्टरांना हे दर हिवाळ्यात पाहायची सवय आहे. रात्री-अपरात्री तब्येतीसाठी ११६ ११७, जिवावरचं असेल तर ११३, पोलीस ११२, आग ११०. हे चार आकडे फ्रिजवर लावून ठेवा.

एकटेपणाचं म्हणाल, तर इथली माणसं बसमध्ये शेजारी बसून बोलत नाहीत. मला ते पहिले तीन महिने फार लागलं. मग उमगलं की ही माणसं समोरासमोर बसून नाही, शेजारी-शेजारी काम करताना बोलतात. आपल्याकडच्या श्रमदानासारखी दूग्नाद नावाची रीत इथे आहे. इमारतीतले सगळे मिळून अंगण झाडतात, कुंपण रंगवतात, मग कॉफी आणि वॅफल. एकही दूग्नाद चुकवू नका. डोंगरात चालणाऱ्यांच्या डीएनटी या संघटनेच्या स्थानिक शाखेचं सदस्य व्हा, डोंगरातल्या झोपड्यांची एकच सामाईक किल्ली मिळते आणि चालायला सोबत मिळते. नॉर्वेजियनचा वर्ग पहिल्या महिन्यात लावा. इंग्रजीवर निभतं, पण कुत्र्यांच्या अंगणात, कॉफीच्या वेळी, गप्पा नॉर्वेजियनमध्येच होतात.

२१ जानेवारी हा इथला सूर्याचा दिवस. शाळांतली मुलं बाहेर येतात, आणि सूलबॉलर नावाचे, आत जॅम भरलेले तळलेले गोल पाव गावभर खाल्ले जातात. त्या दिवशी कुणाला तरी घरी बोलवा. मी दरवर्षी तिळगूळ करून ठेवते. संक्रांत आठवड्याभरापूर्वीच झालेली असते, आणि सूर्य परत आल्याचा सण म्हणून तो इथल्या शेजाऱ्यांना लगेच कळतो.

कुत्र्यांपर्यंत कसं पोहोचायचं

पहिल्यांदा सरळ पैसे देऊन सहलीला जा. स्वतः हाकायच्या सहलीला दोन हजार क्रोनरच्या वर लागतात. दोन माणसं एका स्लेजवर, एक हाकणार, एक बसणार, आणि पुढे वाटाड्याची टीम. ही सहल घ्यायची ती स्वतःला तपासायला: कुत्र्यांचा गलका, मांसाच्या सुपाचा वास, थंडीत तीन तास उभं राहणं, हे आवडतंय का? आणि केनेल तपासायला.

काय पाहायचं? कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवा. फासळ्या हाताला लागाव्यात, पण टोचू नयेत. कुत्र्याच्या घरात कोरडं गवत किंवा पेंढा आहे का, माणूस जवळ गेल्यावर कुत्रं पुढे येतं की मागे सरतं, मोकळं पळायला कुंपणाची जागा आहे का. आणि सरळ विचारा, "म्हातारी कुत्री कुठे आहेत?" चांगल्या केनेलमध्ये कुणीतरी लगेच एखाद्या बारा वर्षांच्या कुत्रीकडे बोट दाखवेल, ती चुलीपाशी झोपलेली असेल. उत्तर द्यायला माणूस घुटमळला, तर पुन्हा जाऊ नका.

केनेल आवडलं की दोन-तीन दिवसांनी निरोप पाठवा: आठवड्यातला अमुक दिवस मोकळा आहे, शेण काढण्यापासून काहीही करीन. परवान्यावर कामाची मुभा आहे ना, हे आधी बघा. माझे पहिले चार महिने विष्ठा उचलणं, पाण्याच्या बादल्या वाहणं आणि पेंढा बदलणं यातच गेले. त्या चार महिन्यांत मला साठांपैकी चाळीस कुत्र्यांची नावं पाठ झाली, आणि स्लेजवर उभं राहिल्यावर उपयोगी पडलं ते हेच. कासरा नसतो तिथे नावच कासरा असतं.

इथे बहुतेक अलास्कन हस्की दिसतात. सिनेमातल्या निळ्या डोळ्यांच्या, गुबगुबीत सायबेरियन हस्कीपेक्षा ही सडपातळ, लांब पायांची, वीस ते सत्तावीस किलोंची आणि रंगाला काही नियम नसलेली. कागदोपत्री ती जातच नाही. पिढ्यान्‌पिढ्या फक्त कामासाठी, ओढायची आवड आणि पायांचा चिवटपणा पाहून वाढवलेली.

जुंपणी समजून घ्या. मधून एक मुख्य दोर जातो, त्याला दोन्ही बाजूंनी जोड्या. प्रत्येक कुत्र्याच्या हार्नेसच्या शेपटीकडच्या टोकापासून ओढदोर मुख्य दोराला, आणि गळपट्ट्यापासून आखूड मानदोर. ओढ सगळी छातीवर आणि खांद्यांवर येते, मानेवर नाही. सर्वांत पुढे लीडर, हुकूम ऐकून वळणारे. त्यांच्या मागची जोडी त्यांचं वळण टीमभर पोहोचवते. स्लेजला लागून असलेली शेवटची जोडी अंगानं दणकट आणि स्वभावानं शांत लागते, कारण स्लेजचा प्रत्येक हिसका आधी त्यांना बसतो. आठ बैली नांगर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल.

हार्नेस घालायला कुत्र्याला हलकेच दोन गुडघ्यांमध्ये धरा, डोकं आत, मग एकेक पुढचा पाय वाकवून बाहेर. लीडर आधी जोडतात, म्हणजे ते दोर ताणून उभे राहतात आणि मागच्यांचा गुंता होत नाही. पण त्याच्याही आधी स्लेज खांबाला बांधलेली हवी आणि बर्फाचा नांगर, म्हणजे दोन दातांचा लोखंडी आकडा, पायानं दाबून खोल रोवलेला हवा. आठ कुत्री निघायच्या आनंदात जे ओढतात, ते माणसाच्या हातानं थांबत नाही.

निघण्याआधीचा कल्लोळ ऐकून नवखे बिथरतात. सगळी एकदम भुंकतात, उड्या मारतात, दोर चावायला जातात. मग दोर सुटतो, स्लेज हलते, आणि एका क्षणात सगळं गप्प. उरतो तो स्लेजखालच्या पट्ट्यांचा बर्फावरचा सूं-सूं आवाज आणि बत्तीस पावलांची टपटप. मी इथे का राहिले, असं कुणी विचारलं तर मी त्यांना तो पहिला मिनिट ऐकायला घेऊन जाते.

हाकताना पाळायच्या गोष्टी

दांडा सोडायचा नाही. स्लेज उलटली, बर्फात फरफटत गेलात, तरी नाही. मी पहिल्या हिवाळ्यात एका वळणावर पडले आणि हात सुटला. टीम रिकामी स्लेज घेऊन दोन किलोमीटर गेली. सुदैवानं पुढच्या वाटाड्यानं अडवली. रिकामी स्लेज उतारावर मागच्या जोडीच्या पायांवर आदळू शकते, दोरात कुत्रं अडकून फरफटू शकतं. त्या रात्री मी एकेका कुत्र्याचे पाय तपासले, दोनदा. कुणाला काही झालं नव्हतं. तेव्हापासून हात सुटलेला नाही.

दोर कायम ताणलेला ठेवा. उतारावर ब्रेक अशा बेतानं दाबा की स्लेज कुत्र्यांच्या मागे राहील, त्यांच्यावर जाणार नाही. स्लेजच्या मागे फरफटणाऱ्या रबरी चटईवर एक पाय ठेवला तरी वेग मोडतो. दातेरी ब्रेक थांबण्यासाठी. चढावर खाली उतरून ढकला किंवा एका पायानं रेटा. आयतं उभं राहिलात तर लीडर मान वळवून बघतात, आणि ते बघणं काही शब्दांत सांगायची गरज नसते. वळणावर वजन आतल्या बाजूला, गुडघे सैल.

हुकूम केनेलागणिक वेगळे. बऱ्याच ठिकाणी उजवीकडेला "जी", डावीकडेला "हॉ" चालतं, काही ठिकाणी नॉर्वेजियन शब्द. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि हुकूम वळणाच्या थोडा आधी, एकदाच, शांतपणे द्या. ओरडून काही होत नाही. वळल्यावर नाव घेऊन शाबासकी द्या. सारखं बोलत राहिलात तर कुत्री ऐकणं सोडून देतात, बैलांसारखीच.

नजर कुत्र्यांवर ठेवा, देखाव्यावर नंतर. एखाद्याचा ओढदोर ढिला पडला, चाल बदलली, डोकं खाली गेलं, तर थांबून बघा. बोटांच्या मध्ये बर्फाचे गोळे धरतात, ते हातानं वितळवून काढा, गरज असेल तर कापडी बूट घाला. कुत्र्यांना थंडीपेक्षा उष्मा बाधतो. उणे दहा-वीसात ती सुखात पळतात, शून्याच्या आसपास दमतात, म्हणून तेव्हा अंतर कमी आणि पाणी जास्त. नुसतं पाणी थंडीत पीत नाहीत, त्यात थोडं मांस किंवा चरबी टाकून कोमट करून देतात.

परतल्यावर आधी कुत्री, मग तुमची कॉफी. हार्नेस काढा, काखेत आणि छातीवर घासलंय का बोटांनी चाचपा, पंजे पाहा, खायला द्या. मग खांदे आणि मनगटं चोळून द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी करतात, तूप-हळद लावून. इथे तूप-हळद नाही, पण हात तसाच फिरतो, आणि जनावर डोळे मिटून तसंच अंग सैल सोडतं.

एकट्यानं टीम घेऊन जायची घाई करू नका. मला दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस चार कुत्री दिली, तीही ओळखीच्या वाटेवर. तीस अंशांहून तीव्र उतारांवर आणि त्यांच्या खाली हिमकडे कोसळतात, म्हणून निघण्याआधी हिमस्खलनाचा सरकारी इशारा आणि यर या सेवेचं हवामान पाहायचं, आणि किती वाजता परतणार हे केनेलमध्ये सांगून जायचं.

मार्च जमवून आल्टाला जा. १९८१ पासून तिथे फिनमार्क्सलोपे ही शर्यत भरते, लांब पल्ल्याची टीम बाराशे किलोमीटर धावते. वाटेतल्या तपासणी नाक्यांवर पहाटे तीनला हाकणारा आधी कुत्र्यांना पेंढा घालताना दिसतो, मग स्वतः बाकावर आडवा होतो. या मुलखाला कुत्र्यांचा वारसा जुना आहे. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाचं औषध वीस जणांनी कुत्र्यांच्या टीम जोडून हजारावर किलोमीटर पोहोचवलं. त्यात टोगो या कुत्र्याला पुढे घालून सर्वांत लांब आणि अवघड टप्पा केलेला लिओनार्ड सेप्पाला ट्रोम्सोजवळच्या श्येर्वॉय बेटावर वाढलेला होता, आणि बाल्टो या कुत्र्यासह औषध गावात नेणारा गुन्नार कासेनही याच किनाऱ्याचा. आमच्या केनेलमध्ये एका पिल्लाचं नाव टोगो आहे. अजून त्याला हार्नेस म्हणजे चावायची वस्तू वाटते.

एप्रिल उजाडला की बर्फ दुपारी मऊ पडतो, फेऱ्या पहाटे निघतात. १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्री मोकळी सोडायला कायद्यानं मनाई आहे, कारण पक्षी अंडी घालतात आणि रेनडिअर वितात. मे महिन्यात आम्ही स्लेज पालथ्या घालून पट्ट्यांना तेल लावतो, पन्नासेक हार्नेस धुऊन दोरीवर वाळत टाकतो, आणि उसवलेले शिवायला बसतो. मध्यरात्रीच्या उन्हात सुई दिसते, दिवा लागत नाही. शिवून झालेल्या प्रत्येक हार्नेसवर कुत्र्याचं नाव पुन्हा ठळक लिहायचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे.